मंगोल भाषेत मोजायला शिका: अठरा शब्द आणि एक 'न'

शंभरापर्यंतचे आकडे पाठ करताना मराठी पोराचा किती घाम निघतो ते आठवून पाहा. एकोणसत्तर की एकोणऐंशी, त्र्याहत्तर की त्र्याऐंशी! चाळिशी उलटली तरी फोनवर कुणी 'सत्त्याऐंशी' म्हटलं की आपण 'म्हणजे आठ-सात ना?' असं विचारून खात्री करून घेतो. मंगोल मुलाच्या वाट्याला हे दुखणं येत नाही. नव्व्याण्णवपर्यंत जायला त्याला अठरा शब्द पुरतात: एक ते नऊचे नऊ आणि दहा, वीस ते नव्वदचे नऊ. बाकी सगळी जोडाजोड.

मग शिकण्यासारखं उरतं काय? एक अक्षर. आकड्याच्या शेपटाला कधी लागणारा, कधी न लागणारा 'न'. ज्याला हा 'न' कळला त्याला मंगोल आकडे आले असं खुशाल समजावं. खाली सगळं मंगोलियाच्या राजधानीत, उलानबातरमध्ये, बोलल्या जाणाऱ्या खल्ख बोलीप्रमाणे दिलंय.

आधी तोंड तयार करा

उच्चारात मराठी माणसाला दोन फायदे आयते मिळालेत. आपल्याकडे ज दोन आहेत: 'जेवण'मधला आणि 'जागा'मधला. च सुद्धा दोन: 'चहा'मधला आणि 'चाक'मधला. मंगोलमध्ये हे चारही आवाज वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिले जातात आणि अर्थ बदलतात. आपण फक्त योग्य जागी योग्य तो वापरायचा. या लेखात 'जागा'तल्या ज साठी ज़ आणि 'चाक'मधल्या च साठी च़ लिहितो.

दुसरा फायदा महाप्राणाचा. मंगोल 'त' आपल्या कानाला जवळजवळ 'थ' ऐकू येतो, आणि 'द' बराचसा 'त'कडे झुकतो. त्यामुळे पाचसाठी मी 'ताव' लिहिलं तरी बाजारात 'थाव' ऐकू आलं तर दचकू नका.

'ख' मात्र आपला नाही. तो ख आणि ह यांच्या मधला, घशातून घासून येणारा. आणि शब्दाच्या शेवटी येणारा 'न' दातांवर न येता नाकात जिरतो, 'रंग' म्हणताना अनुस्वार जिरतो तसा.

एक ते दहा

नेग, खॉयर, गुरव, दोरव, ताव, ज़ुर्गा, दॉलॉ, नॅम, येस, अरव.

लक्षात ठेवायला घरचीच मदत घ्या. तीन म्हणजे देवळातला गुरव. पाच म्हणजे कागदाचा ताव. नऊ म्हणजे येस, हो म्हणणारा. 'नॅम'मधला ॅ लांबवायचा. 'ज़ुर्गा' आणि 'दॉलॉ' यांचे शेवटचे स्वरही लांब आहेत, ते तोडू नका. शून्य म्हणजे तेग.

दिवसभर जिने चढताना, पोळ्या मोजताना हे दहाच म्हणत राहा. उलटे म्हणता आले की पुढे चला. सुलटे सगळ्यांनाच येतात, पण मधूनच 'सात?' विचारल्यावर नेगपासून सुरुवात करावी लागत असेल तर अजून आलेले नाहीत.

दहाच्या पटी

वीस खॉर, तीस गुच, चाळीस दोच, पन्नास तॅव, साठ जार, सत्तर दाल, ऐंशी नाय, नव्वद येर.

नीट पाहिलंत तर बहुतेकांत मूळ आकडा डोकावतो: गुरव–गुच, दोरव–दोच, ताव–तॅव, नॅम–नाय, येस–येर. साठ आणि सत्तर तेवढे वेगळ्या वळणाचे. 'नाय' तर कुणी मुद्दाम शिकवायची गरजच नाही. ऐंशी रुपये मागितले की आपण तेच म्हणतो.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात प्रत्येक जण पडतो. ताव पाच, तॅव पन्नास. मंगोलियात वापरतात त्या रशियन धाटणीच्या लिपीत दोन्हीत फक्त एका मृदुचिन्हाचा फरक, म्हणजे आधीचं व्यंजन मऊ करणाऱ्या एका खुणेचा. बोलताना पन्नासमधला आ पुढे सरकून ॅ होतो आणि शेवटचा व थोडा ओला, 'व्य'कडे झुकलेला. मीही सुरुवातीला दोन्ही एकच म्हणत असे, आणि समोरचा बिचारा एकदा पंजा दाखवायचा, एकदा भुवया वर करायचा. आरशासमोर उभं राहून 'ताव, तॅव, ताव, तॅव' असं वीस वेळा म्हणा. ओठांचे कोपरे 'तॅव'ला ताणले गेले पाहिजेत.

'जार'बद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मंगोल पंचांगात साठ वर्षांच्या चक्राला 'जरन' म्हणतात, म्हणजे साठच. हे चक्र तिबेटमार्गे आलं आणि त्याचं मूळ आपल्याच साठ संवत्सरांत आहे. पहिलं चक्र इ. स. १०२७ मध्ये सुरू झालेलं धरतात. साठ-साठ मिळवत आलात की सतरावं १९८७ मध्ये सुरू होतं. आपल्या पंचांगातही प्रभव संवत्सर १९८७च्या पाडव्यालाच लागलं होतं.

आता तो 'न'

मराठीत 'घोडा' एकटा असतो तेव्हा घोडाच असतो. पुढे काही चिकटायचं झालं की 'घोड्या' होतो: घोड्याला, घोड्यावर. शाळेत याला सामान्यरूप म्हणायचो. मंगोल आकड्याचंही सामान्यरूप असतं, आणि ते 'न' लावून होतं.

नियम एका ओळीचा: आकड्यानंतर काहीही यायचं असेल, मग तो दुसरा आकडा असो की एखादी वस्तू, तर 'न' लागतो. आकडा शेवटी असेल तर लागत नाही.

गुरव होतो गुर्वन, दोरव दोर्वन, ताव तावन, ज़ुर्गा ज़ुर्गान, दॉलॉ दॉलॉन, नॅम नॅमन, येस येसन, अरव अर्वन. पटींचं तसंच: खॉरिन, गुचिन, दोचिन, तॅविन, जरन, दालन, नायन, येरेन. एक आणि दोन हे दोघे लाडके, त्यांना 'न' लागत नाही. नेग नेगच, खॉयर खॉयरच.

आता जोडा. पंचवीस: वीसनंतर काहीतरी येतंय, म्हणून खॉरिन, पाच शेवटी, म्हणून ताव. खॉरिन ताव. पण पंचवीस पुस्तकं म्हणायची झाली, तर पाचनंतरही काहीतरी आलं: खॉरिन तावन नॉम. (नॉम म्हणजे पुस्तक.) त्र्याहत्तर: दालन गुरव. नव्व्याण्णव: येरेन येस. एकोणसाठ: तॅविन येस. 'एकोण' ही भानगडच नाही, वजाबाकी करून आकडा सांगणं मंगोलांना सुचलेलं नाही.

क्रमाकडे लक्ष द्या. आपण 'पंच-वीस' म्हणतो, आधी एकक मग दशक. तिथे आधी दशक. कागदावर जसं डावीकडून उजवीकडे दिसतं तसंच बोलायचं. पहिले काही दिवस मराठी तोंड उलटं धावतं आणि बावन्नच्या जागी पंचवीस बाहेर पडतं. आकडा मनात मराठीत वाचू नका, डोळ्यासमोर अंकांत आणा.

आणखी एक सोय: आकड्यामागची वस्तू एकवचनीच राहते. तीन 'पुस्तकं' नाही, तीन 'पुस्तक'. आपणही 'दोन तास', 'पाच हजार' म्हणतोच, तसं. चिनी किंवा जपानी शिकलेल्यांना वाटेल की चपट्या वस्तूंना वेगळा मोजशब्द, जनावरांना वेगळा असं काही असेल. नाही. गुर्वन नॉम, गुर्वन खुन. खुन म्हणजे माणूस, गैरसमज नको.

किती विचारायलाही हाच 'न' लागतो. नुसतं 'किती?' म्हणजे 'खेद वे?' पण 'किती तोग्रोग?' (तोग्रोग म्हणजे मंगोल चलन) म्हणजे 'खेदन तोग्रोग वे?' प्रश्नात न आला की उत्तरातही वस्तूसह न.

नकाशा उघडा, सराव होईल

हा 'न' पाठ करायचा सगळ्यात सोपा मार्ग मंगोलियाच्या नकाशातून जातो, कारण गावांच्या आणि डोंगरांच्या नावांत आकडा नेहमी सामान्यरूपात असतो. पश्चिम टोकाला तावन बॉग्द, पाच पवित्र शिखरं. गोबीत तावन तॉल्गॉइ, पाच डोकी, जिथे कोळशाचे प्रचंड साठे आहेत. तिथलंच राष्ट्रीय उद्यान गुर्वन सॅखन, तीन सुंदर्‍या. दक्षिण गोबी प्रांताचं मुख्य शहर दालनज़ादगद, त्यात सत्तर. उलानबातरजवळचं ज़ूनमॉद म्हणजे शंभर झाडं. चंगीझ खानाशी लढलेली नायमन टोळी आठ या आकड्याचं नाव घेऊन फिरते. आणि रात्री मान वर केलीत तर आपले सप्तर्षी तिथे 'दॉलॉन बुर्खन' आहेत, सात देव.

गुर्वन म्हटलं की 'नादाम'ही आठवावा. त्या सणाला 'एरीन गुर्वन नादाम' म्हणतात, पुरुषांचे तीन खेळ: कुस्ती, घोड्यांची शर्यत, तिरंदाजी.

शंभर, हजार, आणि लाखाचा अभाव

शंभर म्हणजे ज़ू, सामान्यरूप ज़ून. हजार म्हणजे म्यांग, सामान्यरूप म्यांगन. दोनशे छप्पन्न: खॉयर ज़ून तॅविन ज़ुर्गा. पाचशे: तावन ज़ू. पाचशे तोग्रोग: तावन ज़ून तोग्रोग.

हजाराचा एक हट्ट आहे. त्याच्यापुढे आकडा आला तर तो 'न' घेत नाही, वस्तू आली तरच घेतो. दीड हजार: म्यांग तावन ज़ू. पण पाच हजार तोग्रोग: तावन म्यांगन तोग्रोग.

वर्षं वाचून हे पक्कं करा. चंगीझला सर्व मंगोलांचा खान घोषित केलं ते १२०६: म्यांग खॉयर ज़ून ज़ुर्गा. क्रांतीचं वर्ष १९२१: म्यांग येसन ज़ून खॉरिन नेग. सध्याची राज्यघटना १९९२ची: म्यांग येसन ज़ून येरेन खॉयर. मधलं शून्य बोलायचं नाही, २००५ म्हणजे खॉयर म्यांग ताव.

दहा हजाराला पूर्वी 'तुमेन' असा स्वतंत्र शब्द होता. चंगीझच्या सैन्याची रचनाच दहा, शंभर, हजार आणि तुमेन अशी, पंचहजारी-सातहजारी मनसबी ऐकलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटणार नाही. इराणचा 'तोमान' हा नाण्याचा शब्द याच तुमेनवरून आला. आज बाजारात मात्र दहा हजार म्हणजे सरळ अर्वन म्यांग.

आणि लाख? लाखासाठी तिबेटीवरून आलेला 'बुम' हा शब्द आहे खरा, पण रोजच्या व्यवहारात तो कुणी वापरत नाही. एक लाख म्हणजे शंभर हजार: ज़ून म्यांग. दहा लाखाला 'साय' (दुधावरचीच), आणि अब्जाला 'तेरबुम'. या दोघांना 'न' लागत नाही. म्हणजे एक कोटी झाला अर्वन साय. आपल्याला इथे डोक्यात भाषांतर करायची खोड लागते आणि तिथेच घोळ होतो. उपाय सोपा: स्वल्पविराम हलवा. ३,५०,००० हे ३५०,००० असं लिहा आणि स्वल्पविरामाच्या जागी 'म्यांग' म्हणा. गुर्वन ज़ून तॅविन म्यांग. कागदावर चार-पाच वेळा केलंत की हात सवयीचा होतो.

हा सराव चैनीचा नाही. तोग्रोगच्या नोटा वीस हजारांपर्यंतच्या असतात आणि साध्या जेवणाचं बिलही हजारांत येतं. ५०० पासून वरच्या नोटांवर चंगीझ खान, खालच्यांवर १९२१च्या क्रांतीचा नेता सुखबातर.

बाजारात

उलानबातरच्या नारानतूल बाजारात उंटाच्या लोकरीचे मोजे घ्यायचे आहेत असं धरू. बोट दाखवून विचारा, 'एन खेद वे?' हे कितीला?

बाई म्हणतील, 'अर्वन तावन म्यांग.' पंधरा हजार. तोग्रोग हा शब्द त्यांनी घेतलाच नाही, म्हणून 'म्यांग'ला न नाही. बघा, नियम कानाला ऐकू येतोय.

तुम्ही म्हणा, 'अर्वन खॉयर बॉलख ऊ?' बारा चालतील का? हजार दोघांनाही कळलेलं असतं, आपण भाजीवाल्याशी बोलताना शेकडा गाळतो तसंच. आता त्या 'अर्वन दोरव' म्हणाल्या तर चौदा. 'दोच' ऐकू आलं तर ते चाळीस, मग तुमचं बोट शेजारच्या स्वेटरवर आहे का बघा. ताव-तॅवची शंका आली की लाजू नका, मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवा.

फोन नंबर आठ आकडी असतात आणि जोड्या पाडून सांगतात: येरेन येस, अर्वन नेग, वगैरे. तुमच्या ओळखीच्या दहा जणांचे नंबर जोड्या पाडून मंगोलमध्ये वाचा. दोन अंकी आकड्यांसाठी याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही.

पहिला, दुसरा, तिसरा

क्रम सांगायला मूळ आकड्याला 'दुगार' किंवा 'दुगेर' लावतात. कुठलं लावायचं ते स्वरसंगतीवर ठरतं, म्हणजे शब्दातले स्वर एकाच गटातले हवेत. व्याकरणाची पुस्तकं यावर पानंच्या पानं भरतात. आकड्यांपुरतं एवढंच पुरे: १, ४, ९, ४०, ९० या पाचांना दुगेर, बाकीच्यांना दुगार. नेगदुगेर, खॉयरदुगार, गुरवदुगार, दोरवदुगेर. इथे 'न' येत नाही, कारण प्रत्यय आकड्याच्या मूळ रूपाला चिकटतो.

एवढ्यात बारा महिने फुकट मिळतात. महिन्याला 'सार', म्हणजे चंद्र. जानेवारी नेगदुगेर सार, डिसेंबर अर्वन खॉयरदुगार सार. तारीख मोठ्याकडून लहानाकडे: वर्ष, महिना, दिवस. नादाम ११ जुलैला सुरू होतो: दॉलॉदुगार सारीन अर्वन नेगेन. तारखेत 'नेग'चा 'नेगेन' होतो, लाडक्यालाही कधीतरी शिस्त लागते.

वारांसाठी 'दाख' किंवा 'देख' हा दुसरा प्रत्यय. सोमवार नेग देख ओदर, मंगळवार खॉयर दाख ओदर, असं शुक्रवारपर्यंत. मग आकडे संपतात आणि शनिवार 'अर्धा चांगला दिवस' होतो, खागस सॅन ओदर. रविवार 'पूर्ण चांगला दिवस', बुतेन सॅन ओदर. ज्याने ही नावं ठेवली तो नक्की नोकरदार असणार.

वारांची तिबेटी नावंही चालतात: दावा, म्याग्मर, ल्हाग्व, पुरेव, बासन, ब्याम्ब, न्याम. पण ग्रहांची मंगोल नावं ऐका: बुद, सुगर, अंगारग, बर्खस्बद, सान्चिर. बुध, शुक्र, मंगळ, बृहस्पती, शनैश्चर! संस्कृत शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर गेले आणि तिथेच राहिले. मंगळाला अंगारग म्हणताना अंगारकी चतुर्थी मंगळवारीच का येते हे वेगळं सांगायला नको.

दोघं, तिघं, आणि वीसेक

मराठीत माणसं मोजताना 'दोन माणसं'पेक्षा 'दोघं' बरं वाटतं. मंगोलमध्येही तशी वेगळी रूपं आहेत: खॉयुला, गुरवुला, दोरवुले, तावुला, ज़ुर्गुला. आपली गाडी चौघांशी थांबते आणि पुढे 'पाच जण' म्हणावं लागतं, त्यांची पुढेही चालते. 'आम्ही तिघं' असं सांगायचं तर 'बिद गुरव'. इथे आकडा शेवटी, म्हणून गुर्वन नाही.

'वीसेक', 'तीसेक' यांनाही जोड आहे. अरवाद दहाएक, खॉर्योद वीसेक, गुचाद तीसेक, ज़ूगाद शंभरेक. घासाघीस करताना आणि वय टाळताना उपयोगी. दोन-तीन म्हणायचं तर खॉयर गुर्वन, आपल्यासारखंच.

अपूर्णांकात आपण श्रीमंत आहोत. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांपैकी त्यांच्याकडे काहीच नाही. 'खागस' म्हणजे अर्धा, त्यावर भागतं. अडीच म्हणजे खॉयर खागस, घड्याळातही. एक तृतीयांश म्हणजे 'तिनाचा एक', गुरवनी नेग. पाऊण म्हणजे 'चाराचे तीन', दोरवनी गुरव. साडेतीन दशांशात: गुरव अरवनी ताव, तीन आणि दहाचे पाच.

हिवाळ्याचे नऊ नऊ

शेवटी पाठांतरासाठी मंगोलांनीच करून ठेवलेली सोय. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवसापासून थंडीचे नऊ-नऊ दिवसांचे नऊ तुकडे पाडतात, एकूण नायन नेग दिवस. प्रत्येक नवकात काय होतं याची एकेक ओळ आहे आणि ओळीतला महत्त्वाचा शब्द आकड्याशी आद्याक्षर जुळवतो. गुरं राखणाऱ्या घरातल्या पोरांना ते आपोआप पाठ होतं.

नेग: नेर्मेल, म्हणजे गाळलेली दुधाची दारू गोठते. खॉयर: खॉर्ज़, पुन्हा गाळलेली कडक दारूही गोठते. गुर्वन: गुना, तीन वर्षांच्या बैलाचं शिंग थंडीने तडकतं. दोर्वन: दोनोन, चार वर्षांच्याचं. तावन: तॅव्सन, बाहेर ठेवलेला भात आता गोठत नाही. ज़ुर्गान: ज़ुरॅसन, बर्फातून रेघेसारखी वाट दिसू लागते. दॉलॉन: दॉव, टेकाडांचे माथे उघडे पडतात. नॅमन: नाल शाल, सगळीकडे राड. येसन: येरीन, नेहमीची ऊब परत येते.